साळूबाईचं कुलूप

शेतकी विभागात साळूबाईला घाबरत नाही असा माणूस नव्हता. मी त्या विभागाचा हेडक्लार्क होतो, तेव्हा हे ऐकीव सांगत नाही. बाई अंगानं किरकोळ, पण आवाज असा की खिडकीवर बोलली तर वजनकाट्यावरचा माणूस वळून बघायचा. माहेर शिरूर तालुक्यातलं केंदूर, सासर भांडगाव. लग्नाआधी तिनं शिरूरला जाऊन टायपिंगच्या परीक्षा दिल्या होत्या. लग्नाच्या बोलणीत तिच्या बापानं हे कौतुकानं सांगितलं, तेव्हा सासरे तात्याबा म्हणाले होते म्हणे, की असू द्या, शिवणकाम येत असतं तर जास्त बरं झालं असतं. पुढं त्याच टायपिंगवर तिला आमच्या साखर कारखान्यात नोकरी लागली, आणि तात्याबा गावभर सांगत सुटले की सून आणावी तर पारखून. आमचा कारखाना म्हणजे दौंड तालुक्यातला एक छोटा कारखाना. पाटसचा नव्हे, पाटसवाल्यांनी उगाच कान टवकारू नयेत.

तर अशी ही साळूबाई जगात फक्त एका बाबतीत गप्प बसायची. नवऱ्याचं नाव तिच्या तोंडातून निघत नसे. ‘आमचे मालक’ म्हणायची. एकदा मतदार यादीवाले गुरुजी दारात आले आणि नवऱ्याचं नाव विचारू लागले. बाईनं गुरुजींच्या हातातली पेन्सिल घेतली, त्यांच्याच कागदावर नाव लिहिलं आणि पेन्सिल परत दिली. लिहायला तिची हरकत नव्हती, उच्चारायला होती. त्या पिढीत हे नवलाचं नव्हतं. आम्हालाही कधी अडचण आली नाही, कारण तिच्या नवऱ्याला आख्खं भांडगाव ‘दादा’ म्हणायचं. लहान पोरं दादा म्हणायची, सत्तरीचे म्हातारे दादा म्हणायचे, आणि जमीन अजून बापाच्या, म्हणजे तात्याबांच्या नावावर असल्यानं कारखान्यातही त्याचं दुसरं नाव कुठं नव्हतं.

आता कारखान्याचं दुखणं सांगतो. ऊस सगळ्यांचाच असतो, पण तोडायच्या टोळ्या मोजक्या असतात. कुणाचा आधी तोडायचा, कुणाचा नंतर, यावर गावंच्या गावं एकमेकांशी बोलायची बंद होतात. रीत अशी, की प्रत्येक प्लॉटमधल्या उसाची जात बघायची, लागणीची तारीख बघायची, नवी लागण आहे की आधीच्या तोडीच्या बुडख्यातून फुटलेला खोडवा ते बघायचं, आणि त्याप्रमाणे वर्गवारी लावून पाळी ठरवायची. हजारो प्लॉट. आम्ही ते कार्डांवर करायचो. दसऱ्यापासून आम्ही कारकून कार्डं मांडीवर घेऊन बसायचो ते दिवाळीला उठायचो. आणि एवढं करून, का कोण जाणे, संचालक पोपटराव आप्पांच्या भावकीची कार्डं गठ्ठ्यात कुठंही घातली तरी दुधावरच्या सायीसारखी आपोआप वर यायची.

नव्व्याण्णव सालच्या हंगामात ऊस फार झाला. पाळीवरून मारामाऱ्या होणार हे दिसत होतं. चेअरमननी ठरवलं की यंदा वर्गवारी कॉम्प्युटर करेल, म्हणजे शिव्या कॉम्प्युटरला बसतील. कॉम्प्युटर आला. त्याची पूजा झाली, नारळ फोडला, आणि नारळाचं पाणी सरळ कीबोर्डावर गेलं. दुसरा कीबोर्ड आणल्यावर त्याच्यापुढं बसायला कुणी तयार होईना. साळूबाई बसली. बोटं त्याच जागेवर आहेत म्हणाली, नुसती घंटी वाजत नाही.

प्रोग्रॅम लिहायला दौंडचा एक तरुण आला. सम्राट त्याचं नाव, वडील रेल्वेच्या यार्डात रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन. पुण्यात शिकला होता आणि हे त्याचं स्वतःचं पहिलं काम होतं. करार एका हंगामाचा, जमलं तर पुढं. पोपटराव आप्पांनी त्याला पहिल्याच दिवशी गाव विचारलं, मग आडनाव विचारलं, आणि आडनाव कळल्यावर पुढचं काही विचारलं नाही. त्याला द्यायला मागवलेला चहाही मग कुठं अडकला कुणास ठाऊक. साळूबाईनं आपला कप त्याच्यापुढं सरकवला आणि शिपायाला दुसरा आणायला पिटाळलं. तेव्हापासून सम्राट तिला ताई म्हणायला लागला आणि ती त्याच्यावर माझ्यापेक्षा जास्त ओरडायला लागली. तिच्या लेखी ती माया होती.

सुरुवातीला ते यंत्र माझ्यापेक्षा मठ्ठ होतं. एक प्लॉट उचलायचं आणि उरलेल्या सगळ्या प्लॉटांशी ताडून बघायचं, मग दुसरा उचलायचं. दुपारी चालू केलं की दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीपर्यंत नुसतं घुर्र घुर्र. मधे लाइट गेली की पुन्हा श्रीगणेशा, आणि आमच्याकडं लाइट न गेलेला दिवस मला आठवत नाही. मला मनातून गुदगुल्या होत होत्या. मग सम्राट एका रविवारी घरी गेला तो डोकं खाजवत, आणि सोमवारी आला तो शीळ घालत. वडिलांना डबा द्यायला यार्डात गेला असताना त्यानं मालगाडीचे डबे लावताना पाहिले होते. तिथं प्रत्येक डब्याची प्रत्येक डब्याशी गाठ घालत नाहीत. आधी सोलापूरचे एका रुळावर, मनमाडचे दुसऱ्या, पुण्याचे तिसऱ्या, आणि मग त्या त्या रुळावर पुढचं मागचं बघायचं. लहानपणापासून डोळ्यांपुढं होतं म्हणाला, पण दिसलं काल. त्यानं प्लॉटांचेही आधी गावाप्रमाणं आणि उसाच्या जातीप्रमाणं ढीग पाडले, मग प्रत्येक ढिगात तारखा लावल्या. ज्या कामाला आम्हाला दसरा ते दिवाळी लागायची ते चहा उकळून कपात येईपर्यंत व्हायला लागलं. मला त्या दिवशी चहा गेला नाही, हे कबूल केलं पाहिजे.

यादी लागली. आप्पांची भावकी जिथं असायला हवी तिथं, म्हणजे मध्यावर कुठंतरी होती. आणि मग चार दिवसांनी चमत्कार झाला. कॉम्प्युटरच्या खोलीत कूलर होता, त्यामुळं संचालक मंडळी तिथं वारा खायला बसायची. एका सकाळी साळूबाईनं यंत्र उघडलं तर आप्पांच्या सगळ्या प्लॉटांची लागण मागं सरकलेली. ऊस एका दिवसात चार महिन्यांनी म्हातारा झाला होता. कूलरखाली कोण कोण बसलं होतं ते सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणीच काही बोललं नाही.

सम्राटनं मात्र ते मनाला लावून घेतलं. त्यानं तारखा जुन्या कार्डांवरून दुरुस्त केल्या आणि यंत्राला कुलूप बसवलं. कुलूप शब्दाचं, किल्लीही शब्दाची. नुसतं दार लावून तो थांबला नाही, आतली सगळी माहितीही त्यानं अशी गुंतवून ठेवली की कुणी मागच्या दारानं शिरलाच तर त्याला नुसती शेंगांची टरफलं दिसावीत. शब्द फक्त साळूताईंना माहीत राहील, म्हणाला, मलासुद्धा नको, आणि तो शब्द नसेल तर मलाही हे उघडता यायचं नाही. हे त्यानं इतक्या अभिमानानं सांगितलं की त्यातला धोका कुणाला दिसला नाही.

मग त्यानं साळूबाईला शब्द निवडायचा सल्ला दिला. पोराबाळांची नावं नकोत, देवांची नकोत, गावाचं नको.

“ताई, तुमच्या तोंडून कुणी कधी ऐकलेला नाही आणि कधी ऐकणारही नाही, असा शब्द घाला.”

साळूबाईनं आमच्याकडं एकदा बघितलं, आम्हाला भिंतीकडं तोंड करायला लावलं, आणि काडकाड काडकाड टाइप करून मोकळी झाली. विचार करायला तिला वेळच लागला नाही.

त्यानंतर महिनाभर शेतकी विभागाला दुसरा उद्योग राहिला नाही. जो तो साळूबाईचा शब्द ओळखायच्या मागं. कुणी म्हणे तिच्या म्हशीचं नाव असणार, कुणी म्हणे केंदूरच्या विहिरीचं. मी स्वतः ती डबा खायला गेली की एकेक शब्द घालून बघायचो. शिव्याही घालून बघितल्या, कारण बाईचा स्वभाव मला माहीत होता, पण शिव्या तर तिच्या तोंडून रोज ऐकू यायच्या. आप्पांनी आपल्या मंडळींकरवी हळदीकुंकवाला तिची ओटी भरवली आणि गप्पांत विचारून बघितलं. बाईनं ओटीतला नारळ घरी नेऊन खोबऱ्याच्या वड्या केल्या, त्या आम्हाला वाटल्या, आणि शब्द पोटातच ठेवला.

खरी गंमत पुढं आहे, आणि ती गंमत साळूबाईला मात्र जड गेली. दादाचा ऊस ‘सुरू’ हंगामातला, म्हणजे संक्रांतीनंतर उशिरा लावलेला. यंत्रानं त्याला सरळ मार्चात ढकलला. आता दादानं गावात काय सांगून ठेवलं होतं, की यंत्र आपल्या घरातलंच हाय, आपला ऊस दिवाळीच्या फराळाआधी तुटतोय. ऊस निघाल्यावर गहू पेरायचा म्हणून बियाणंही घरात आणून ठेवलं होतं. त्यानं बायकोला सांगितलं, नुसती तारीख मागं घे. बायको नाही म्हणाली. सासरे म्हणाले, सासू म्हणाली, शेजारचे म्हणाले. ती म्हणाली, आज आपली सरकवली तर उद्या आप्पांना कुठल्या तोंडानं नको म्हणू, आन् त्या पोराचं काम जाईल ते येगळंच.

दादानं अबोला धरला. घरात राहून अबोला धरणं अवघड असतं, म्हणून तो सगळं वासराला सांगायचा. वासरा, मला भूक न्हाई. वासरा, ह्या घरात माझ्या शब्दाला किंमत न्हाई, कुलपातल्या शब्दाला हाय. साळूबाई हे सगळं आम्हाला नकला करून सांगायची आणि आम्ही हसायचो. पण एकदा सांगता सांगता ती मधेच थांबली आणि कीबोर्ड पुसायला लागली. कीबोर्ड आधीच लख्ख होता. मला वाईट वाटलं.

जानेवारीत तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन शिरूरला झालं, म्हणून ती रजा टाकून केंदूरला गेली. जाताना यंत्र उघडं ठेवून गेली आणि मला बजावलं की तोडीच्या चिठ्ठ्या रोज छापायच्या, दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही, आणि काही झालं तरी बंद करायचं नाही. मी बंद केलं नाही. वीज मंडळानं केलं. सकाळी लाइट गेली, बॅटरीनं थोडा वेळ तग धरला आणि मान टाकली. लाइट आल्यावर यंत्र उठलं ते शब्द मागत.

चिठ्ठ्यांशिवाय टोळ्या फडात शिरेनात. गव्हाणीत, म्हणजे ऊस गिरणीत टाकायच्या जागी, आदल्या दिवशीचा ऊस होता तो दुपारपर्यंत पुरणार होता, मग गिरणी थांबणार. साखर कारखान्यात गिरणी थांबणं म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. चेअरमन धावत आले. दौंडहून सम्राटला बोलावून घेतलं.  यंत्राकडं बघत त्यानं खरं ते सांगून टाकलं, की उघडता येणार नाही.

पोपटराव आप्पा शांतपणे खुर्चीत बसले आणि त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. म्हणाले, पाळी मी काढून ठेवलीय, जुन्या पद्धतीनं, वेळप्रसंगी असावी म्हणून. चेअरमननी कपाळाला हात लावला. दुपारपर्यंत हे उघडलं नाही तर आप्पांची यादी लावतो, यंत्र बारदानात गुंडाळून ठेवतो आणि सम्राटचा करार इथंच संपला, असं त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं. आणि या सगळ्या गोंधळात दारात उभा होता दादा. बायको रजेवर आहे हा मुहूर्त साधून तो चेअरमनना भेटायला आला होता, की साहेब, तुम्ही तरी माझी पाळी पुढं घ्या.

केंदूरला फोन म्हणजे रंगुबाईच्या किराणा दुकानात. फोन लावला, रंगुबाईनं पोराला पिटाळलं, आम्ही थांबलो. लाइनीत खरखर आणि बाहेर गिरणीची घरघर, म्हणून सम्राटनं स्पीकरचं बटण दाबलं. साळूबाई आली. सम्राटनं सगळं सांगून शब्द विचारला. पलीकडं शांतता. साळूबाई आणि शांतता, मला वाटलं लाइन तुटली.

मग ती म्हणाली की मी एसटीनं निघते. सम्राट म्हणाला, ताई, संध्याकाळ होईल. मग म्हणाली, चिठ्ठीवर लिहून कुणाबरोबर तरी पाठवते. तीही संध्याकाळीच पोचली असती. चेअरमनना वाटलं बाईचा आपल्यावर विश्वास नाही. ते फोनकडं तोंड करून म्हणाले की सगळ्यांना बाहेर काढतो, फक्त मी ऐकतो. तर साळूबाई म्हणाली, तुमच्याकडची काढाल, माझ्याकडं दुकानात थोरला चुलता बसलाय, त्याला कुठं काढू.

आप्पा खुदकन हसले. हिला शब्द आठवत नाही, असं ते म्हणाले, आणि कागदाची घडी उलगडायला लागले.

सम्राट फोनवर अगदी वाकला. “ताई, माझं पहिलं काम हाय हे. एकच शब्द तर सांगायचाय.”

“शब्द कुठला, बाबा,” साळूबाईचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता. “नाव हाय ते.”

आणि तेवढ्यात पलीकडून रंगुबाईचा आवाज आला. आम्हा एवढ्या पुरुषांच्या डोक्यात जे महिनाभर शिरलं नव्हतं ते त्या बाईला तराजूत गूळ घालता घालता कळलं होतं. “अगं, नाव हाय तर उखाण्यात घे की. त्यात काय चुलत्याची चोरी?”

दुकानात हशा झाला. मग कुणीतरी दटावून सगळ्यांना गप्प केलं असावं.  साळूबाईनं घसा साफ केला, आणि एका दमात म्हणाली,

“कारखान्याच्या चिमणीतून काळा काळा धूर,
साहेबरावांचं नाव घेते, माहेर माझं केंदूर.”

आणि फोन धाडकन आपटला.

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिलो. चेअरमन म्हणाले, कोण साहेबराव? मी मनातल्या मनात सगळे साहेबराव धुंडाळले. एक गव्हाणीवर होता, एक मागच्या साली रिटायर झाला होता. मग माझं लक्ष दाराकडं गेलं. दादाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या आणि तो स्वतःच्या चपलांकडं बघत होता. दादाचं खरं नाव साहेबराव आहे, हे त्या खोलीत फक्त दादालाच माहीत होतं.

सम्राटनं नाव टाइप केलं. यंत्र उघडलं. छपाईचं मशीन करकरायला लागलं, चिठ्ठ्या बाहेर पडायला लागल्या, टोळ्यांचे मुकादम त्या हिसकावून घेऊन पळाले. गिरणी थांबली नाही. चेअरमननी आप्पांना म्हटलं की तुमचा कागद ठेवा आता, आणि आप्पांनी तो पुन्हा घडी घालून खिशात ठेवला, घडी मात्र जुन्या रेघेवर बसेना. शिपायानं न सांगता सम्राटला चहा आणून दिला. तो पोरगा कप धरून नुसता बसला होता, पिण्याचं भान त्याला नव्हतं.

दादा अजून दारातच होता. चेअरमन त्याला म्हणाले, बोल दादा, तुझं काय काम होतं? मला वाटलं, आता तो पाळीचं काढणार. किल्लीसुद्धा आता त्याच्या हातात होती, त्याचंच तर नाव होतं.

दादा म्हणाला, “काम हुतं, पर आता न्हाई.” मग सम्राटकडं वळला. “साहेब, ते बदलून टाका. मला कळलंय आता. आप्पांनाबी कळलंय.”

सम्राट म्हणाला, ताई नाहीत, मग नवीन शब्द घालायचा कुणी? आणि त्याला काय सुचलं कुणास ठाऊक, तो उठला आणि दादाला स्वतःच्या खुर्चीवर बसवला. ताईंना जे सांगितलं होतं तेच त्यालाही सांगितलं, की तुमच्या तोंडून कधी निघाला नाही असा शब्द घाला, आणि ताईंना सांगा. दादा बराच वेळ त्या अक्षरांकडं बघत राहिला. मग त्यानं आम्हाला, चेअरमन आणि आप्पांसकट, भिंतीकडं तोंड करून उभं केलं. एकेक बटण शोधून दाबत होता, मधेच च् च् करत होता. भिंतीवरचं कॅलेंडर मी पुढच्या तीन महिन्यांपर्यंत वाचून काढलं. एकदाचं झालं म्हणाला, आणि टोपी सारखी करून निघून गेला.

त्याचा ऊस मार्चातच तुटला, हे सांगून टाकतो. गव्हाचं बियाणं त्यांनी दळून खाल्लं. सम्राटचा करार पुढं वाढला आणि मग आणखी दोन कारखान्यांनी त्याला बोलावलं.

साळूबाई रजा संपवून आली तेव्हा पूर्वीच्याच आवाजात आली. खोलीत कोळ्याची जाळी लागली म्हणून माझ्यावर ओरडली, यंत्र बंद पडू दिलं म्हणून ओरडली, मग खुर्चीत बसली. मी भीत भीत विचारलं की दादांनी नवा शब्द सांगितला का. ती म्हणाली, कुठला सांगतायत, वासराला सुदिक सांगितला न्हाई, विचारलं की नुसते लाजत्यात. झालं, मी म्हटलं, सकाळीच लाइट जाऊन यंत्र शब्द मागत बसलंय, आता पुन्हा गिरणीचं बघा.

तिनं कीबोर्डावर बोटं ठेवली, थोडी थांबली, आणि काडकाड काडकाड टाइप केलं. यंत्र पहिल्याच फटक्यात उघडलं.

ती बघत राहिली. मग पदर तोंडाला लावला. तिला आमच्या देखत रडायचंही नव्हतं आणि हसायचंही नव्हतं, त्यामुळं चेहऱ्याचं फार विचित्र झालं होतं. शेवटी पडद्याकडं बघतच म्हणाली, “लगीन झाल्यापासून मला नावानं हाक मारली न्हाई त्यांनी कवा. ‘अगं ऐकलं का’ म्हन्त्यात.”

म्हणजे मलाही कळला होता. मी हेडक्लार्कच्या जबाबदारीनं म्हटलं, की बाई, आता हा शब्द फुटला, नियमाप्रमाणं बदलला पाहिजे.

“बदलते की, आबा,” साळूबाई म्हणाली. “आजच्या दिवस राहू द्या.”